निकामी ठरवलेला हात

जुलै १८८८ मध्ये जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली होती. झटक्याने उजवी बाजू गेली. पुण्यातले नामांकित शल्यवैद्य आणि सत्यशोधक समाजातले त्यांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव वाचले, काही प्रमाणात सावरलेही, पण उजवा हात लिहिण्याजोगा राहिला नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मनात तयार होते. त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली आणि १८८९ मध्ये ग्रंथ पुरा केला. दुखणे लांबले तशी घरची आर्थिक ओढाताण वाढली. त्यांचे स्नेही मामा परमानंद यांनी त्यांच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीची विनंती केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले; पुस्तक १८९१ मध्ये छापून आले.

चरित्रकार या प्रसंगात जिद्द पाहतात आणि ते रास्तच आहे. वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याच प्रसंगातून एक प्रश्न उभा राहतो. एक हात गेला की दुसऱ्याने काम भागवायचे, की गेलेल्या हातालाच पुन्हा कामाला जुंपायचे? जोतीरावांपुढे निवड नव्हती, कारण गेलेला हात परत आणता येईल असे त्या काळी कोणी मानतच नव्हते. ही समजूत बदलायला शंभर वर्षे लागली. या बदलाच्या वाटेवर बर्लिनमधला एक कुत्रा आहे, लंडनमधले एक माकड आहे, मुंबईतली पोलिओची साथ आहे आणि पनवेल तालुक्यातली दोन ठिकाणेही आहेत.

तेल, शेक आणि विश्रांती

जोतीरावांच्या काळी पनवेल हे मुंबई-पुणे रस्त्यावरचे, खाडीकाठचे व्यापारी बंदर होते. १८५२ पासून तिथे नगरपालिका होती. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. वैद्याच्या घरी खलबत्त्यात आणि चुलीवर तयार होणारी औषधे आता मोठ्या प्रमाणावर बनून दूरदूरच्या गावांत जाऊ लागली. अर्धांगवायू हा वैद्यांच्या रोजच्या ओळखीचा आजार होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींना वेगळा अध्याय आहे. पक्षाघातावर तिथे स्नेहन, स्वेदन आणि विरेचन सांगितले आहे, म्हणजे तेल, शेक आणि जुलाब. खेड्यापाड्यांत ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत आणि तेलाच्या मालिशीबरोबर पारव्याचे रक्त चोळण्यापर्यंत सगळे उपाय करून पाहत.

पाश्चात्त्य वैद्यकाची स्थिती याहून फार बरी नव्हती. रक्त काढणे, जुलाब देणे, पडून राहायला सांगणे आणि जमेल तिथे दुबळ्या स्नायूंना विजेचे हलके धक्के देणे, एवढीच सामग्री त्यांच्याकडे होती. झटक्यामागचे सर्वांत मोठे कारण तर वैद्यालाही दिसत नव्हते आणि डॉक्टरलाही. रक्तदाब मोजण्याचे, दंडाला पट्टा बांधायचे यंत्र इटलीच्या रीवा-रोची यांनी १८९६ मध्ये बनवले. त्यापूर्वी कोणाचा रक्तदाब वाढला आहे हे नाडीवर बोट ठेवून अदमासाने ओळखावे लागे.

तेल-मालिशीला नावे ठेवण्याचे कारण नाही. रोज कोणी हात वर-खाली करत असेल, कोपर, मनगट, बोटे उघडत असेल, तर सांधे धरत नाहीत आणि स्नायू आखडत नाहीत. पण मालिशीत रोगी स्वतः काही करत नाही. हालचाल दुसऱ्याची, हात मात्र त्याचा. हा फरक किती मोठा आहे हे प्रयोगशाळेत कळायचे होते.

कुत्रा आणि माकड

१८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्ताव्ह फ्रिट्श आणि एडुआर्ड हिट्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेचा सौम्य प्रवाह सोडला. ठरावीक जागी स्पर्श केला की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा. मेंदूत हालचालींसाठी नेमून दिलेल्या जागा आहेत, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. लंडनच्या डेव्हिड फेरियर यांनी हेच काम माकडांवर पुढे नेले. ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्यांनी एक माकड सभेपुढे आणले. त्याच्या मेंदूची एका बाजूची हालचालींची जागा काही महिन्यांपूर्वी काढली होती. ते लंगडत, हात अंगाशी घेऊन चालत आले. पॅरिसचे चेतारोगतज्ज्ञ शार्को समोर बसले होते. त्यांच्या इस्पितळातले अर्धांगवायूचे रोगी अगदी असेच चालत. हा तर रोगीच आहे, असे उद्गार त्यांनी काढल्याची नोंद आहे.

त्याच सभेत स्ट्रासबुर्गच्या गोल्ट्झ यांनी आपला कुत्रा दाखवला. मेंदूचा बराच भाग काढूनही तो चालत-फिरत होता. फेरियर यांचा भर मेंदूच्या ठरावीक जागेवर होता, गोल्ट्झ यांचा उरलेल्या मेंदूवर. त्या दिवशी जय फेरियर यांचा झाला. पुढे दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे ठरले, पण त्याला बराच वेळ गेला.

झटक्यानंतर शरीरात काय घडते ते इथे समजून घ्यायला हवे. हात उचलण्याचा हुकूम मेंदूतल्या एका चेतापेशीतून निघतो, मानेजवळ बाजू बदलून मज्जारज्जूत उतरतो. तिथली दुसरी चेतापेशी तो घेऊन स्नायूपर्यंत पोहोचवते. पहिली पेशी म्हणजे तालुक्याची कचेरी, दुसरी म्हणजे गावचा पाटील आणि स्नायू म्हणजे गाव, असे धरले तर पक्षाघातात कचेरी जळते; पाटील आणि गाव जागच्या जागी असतात. सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे सगळे थंड असते, हात लुळा पडतो. मग वरून अंकुश नसलेला पाटील आपल्याच मनाने कारभार हाकू लागतो. स्नायू जरा ताणला की तो लगेच आकसतो. कोपर वाकते, मूठ मिटते, पाय काठीसारखा ताठ होतो आणि चालताना बाहेरून अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. या ताठरपणामागची यंत्रणा चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९० च्या दशकात मांजरांवरच्या प्रयोगांतून उलगडली. १९३२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे लकव्यात स्नायू मुळात मेलेला नसतो. तो खराब होतो नंतर, वापर न झाल्यामुळे. न हलवलेला स्नायू बारीक होतो आणि आखडतो, खांद्याचा सांधा सैल पडून हाताच्या वजनाने खाली उतरतो. जोतीरावांच्या काळच्या रोग्याला ‘हात गेला’ असे सांगितले जाई, तेव्हा त्याच्या हाताचे स्नायू शाबूत असत. ते हात बिछान्यावर पडून हळूहळू खरोखरच निकामी होत.

बांधलेला चांगला हात

१९१५ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात काम करणारे मानसशास्त्रज्ञ शेफर्ड आयव्हरी फ्रांझ यांनी नेमके हेच लिहिले. जुन्या अर्धांगवायूच्या रोग्यांचे अवयव बरे न होण्याचे कारण अनेकदा आजार नसून हेळसांड असते, असे त्यांनी म्हटले. १९१७ मध्ये ऑग्डेन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी माकडांच्या मेंदूची हालचालींची जागा इजा करून निकामी केली आणि त्यांचे वेगवेगळे संगोपन केले. ज्या माकडाकडे लक्ष दिले नाही त्याचा हात तसाच राहिला. ज्याचा चांगला हात बांधून ठेवला आणि दुबळ्या हाताने खाणे घ्यायला भाग पाडले, त्याचा हात काही आठवड्यांत बराचसा परत आला.

या निष्कर्षाकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. प्रौढ मेंदूतली चेतापेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही, असा निर्वाळा स्पेनच्या रामोन इ काखाल यांनी नुकताच दिला होता आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. त्यावरून डॉक्टरांनी आणखी एक अर्थ काढला: पेशी मेली म्हणजे तिचे कामही संपले. उरलेल्या पेशी ते काम शिकू शकतील ही शक्यता बाजूला पडली. शिवाय पहिले महायुद्ध सुरू होते. पुनर्वसनाचे शास्त्र वाढत होते ते हात-पाय गमावलेल्या तरुण सैनिकांसाठी. साठीच्या माणसाचा लुळा हात कोणाच्या अग्रक्रमात नव्हता.

मुंबई: मुलांसाठी उभारलेले

आपल्याकडे या शास्त्राला जागा मिळाली ती पोलिओमुळे. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली. त्याच वर्षी परळला हाफकिन संस्थेच्या आवारात पोलिओ संशोधन केंद्र सुरू झाले. साथीच्या आधीपासून फातेमा इस्माईल या कार्यकर्त्या धडपडत होत्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला होता आणि उपचारांसाठी त्यांनी देशभर पायपीट केली होती. मुलीला बरे वाटू लागल्यावर त्यांनी इतर मुलांसाठी केंद्र काढायचे ठरवले. प्रसिद्ध शल्यवैद्य डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी त्यांना जागा आणि पाठबळ दिले. त्या कामातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले.

त्याच काळात परळच्याच केईएम रुग्णालयात कमला निंबकर काम करत होत्या. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या क्वेकर घराण्यात त्या वाढल्या. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणचे शेतीतज्ज्ञ बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करण्याचे शास्त्र, शिकून आल्या. १९५० मध्ये केईएममध्ये त्यांनी या विषयाचे विद्यालय सुरू केले. आशियातले ते पहिले. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता, तो या परळच्या कामाच्या जोरावर. पुढे नागपूरलाही विद्यालय निघाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आली. त्याच वर्षी फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. पाच-सहा वर्षांत परळ ते हाजीअली या पट्ट्यात देशाच्या पुनर्वसनशास्त्राचा पाया घातला गेला.

पनवेलच्या बाजूला याच काळात वेगळे काम उभे राहिले. नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन वसले. कुष्ठरोगही चेतांचा रोग आहे. कोपराजवळून जाणारी नस जंतूंनी सुजते आणि मरते, मग करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते. १९४० च्या दशकाअखेर वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि नंतर पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अँटिया यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या. चांगल्या स्नायूचा कंडरा सोडवून तो वाकलेल्या बोटांना जोडायचा, ही त्यांची रीत. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला नव्याने शिकावे लागे. काल ज्या स्नायूने मनगट हलत होते, त्याने आज बोट सरळ करायचे. तीन-चार आठवड्यांच्या सरावाने ते जमायचे. प्रौढ मेंदू नवे शिकू शकतो याचा जिवंत पुरावा या वॉर्डांत रोज दिसत होता. पक्षाघाताच्या रोग्याशी त्याचा संबंध मात्र फारसा कोणी जोडला नाही.

पोलिओत मज्जारज्जूतली पेशी मरते, कुष्ठरोगात स्नायूकडे जाणारी वाट तुटते. दोन्हींत उरलेल्या स्नायूंची ताकद वाढवणे, कॅलिपर आणि स्प्लिंट वापरणे, शस्त्रक्रिया करणे हा मार्ग योग्य ठरला. पक्षाघाताचा रोगी या केंद्रांत आला तो उशिरा, आणि इतरांसाठी बनवलेल्या साधनांच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या हाताला वजन उचलायला लावले तर मूठ आणखी घट्ट मिटायची. त्याची अडचण ताकदीपेक्षा हुकुमाची होती.

पद्धतींची भांडणे

पक्षाघाताचे स्वतःचे असे उपचारशास्त्र घडले ते मुख्यतः लंडन आणि अमेरिकेत. नाझी जर्मनीतून पळून लंडनला आलेल्या बेर्टा बोबाथ यांच्याकडे १९४० च्या दशकात सायमन एल्विस हे राजघराण्याची चित्रे काढणारे चित्रकार रोगी म्हणून आले. ताठर हात जोराने ताणण्याऐवजी विशिष्ट स्थितीत धरला की ताठरपणा उतरतो, असे बेर्टा यांच्या लक्षात आले. त्यांनी आणि त्यांचे पती डॉ. कारेल यांनी यातून पद्धत बसवली. १९५१ मध्ये थॉमस ट्विचेल यांनी १२१ रोग्यांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की हालचाल परत येते ती ठरावीक क्रमाने: आधी लुळेपणा, मग ताठरपणा, मग सगळा हात एकदम वाकणे किंवा एकदम उघडणे, आणि शेवटी एकेक सांधा स्वतंत्रपणे हलवणे. स्वीडिश फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रोम यांनी अमेरिकेत या क्रमाच्या पायऱ्या ठरवल्या. आजही आपल्याकडच्या केस पेपरवर त्यांचे नाव लिहिलेले असते.

दोघींत मोठा मतभेद होता. एकगठ्ठा हालचाल आली की तिचाच आधार घ्या, असे ब्रुनस्ट्रोम म्हणत. ती सवय लागूच देऊ नका, असे बोबाथ म्हणत. हा वाद १९६० ते १९९० च्या दशकांत फिजिओथेरपीच्या वर्गांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. नंतर तुलना करणारे अभ्यास झाले तेव्हा कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा ठामपणे सरस ठरली नाही. फरक पडला तो सराव किती झाला आणि तो रोजच्या कामाचा होता का, यावर.

रोजचे काम म्हणजे काय, हे मात्र पाश्चात्त्य पुस्तकात सापडणारे नव्हते. इथल्या रोग्याला जमिनीवर मांडी घालून बसायचे असते, उकिडवे बसून शौचाला जायचे असते, भाकरी एका हाताने मोडायची असते, साडीच्या निऱ्या घालायच्या असतात. उजवा हात गेला तर अडचण दुप्पट होते. आपल्याकडे जेवणाचा हात उजवा आणि धुण्याचा डावा, अशी वाटणी लहानपणापासून अंगात मुरलेली असते. पंगतीत डाव्या हाताने जेवणे अनेकांना मेल्याहून मेल्यासारखे वाटते. चांगल्या हाताने काम भागवा, हा सल्ला इथे नुसता वैद्यकीय राहत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी जाड मुठीचे चमचे, बटणाऐवजी वेल्क्रो, भिंतीला कठडा आणि कमोडची खुर्ची अशा साध्या वस्तूंनी हजारो माणसांना परावलंबनातून काढले, हे खरे. पण त्यातही दुबळा हात बहुतेक वेळा मांडीवर पडून राहिला.

माकडांचा खटला आणि त्यानंतर

फ्रांझ यांचा विसरलेला धागा एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उचलला. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की ते तो हात वापरणे सोडून देते. पण चांगला हात बांधला की तेच माकड दुबळा हात पुन्हा वापरू लागते. यावरून टाउब यांचे म्हणणे असे, की सुरुवातीच्या काळात दर वेळी अपयश आल्यामुळे प्राणी हात न वापरायला शिकतो आणि नंतर ताकद परत आली तरी ती सवय सुटत नाही. १९८१ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्त्यांच्या तक्रारीवरून मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला. माकडांना क्रूरपणे वागवल्याबद्दल खटला चालला, शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती रद्द झाली. अमेरिकेतल्या प्राणिहक्क चळवळीला यातून बळ मिळाले, टाउब यांची कारकीर्द मात्र काही वर्षे ठप्प झाली. १९९१ मध्ये त्याच माकडांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. हाताची म्हणून ओळखलेली जागा चेहऱ्याच्या संवेदनांनी व्यापली होती. प्रौढ मेंदूचा नकाशा इतका बदलू शकतो, हे तोवर कोणी मानले नव्हते.

१९९६ मध्ये रँडॉल्फ न्यूडो यांनी पुढचा दुवा जोडला. मेंदूत लहानशी इजा झालेल्या माकडांना बोटांनी खाणे उचलण्याचा सराव दिला, तेव्हा इजेच्या आजूबाजूच्या निरोगी भागाने हाताचे काम राखले. सराव नसेल तर तीच जागा आणखी आक्रसत होती. टाउब यांनी अलाबामात माणसांवर उपचार सुरू केले: चांगल्या हाताला दिवसभर हातमोजा आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे रोज कित्येक तास काम. २००६ मध्ये २२२ रोग्यांवरच्या अमेरिकन चाचणीने दाखवले की झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनीही या पद्धतीने हाताचा वापर वाढतो. एक अट होती: मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता आली पाहिजेत. ज्यांची मूठ पूर्ण मिटलेली आहे, त्यांच्यासाठी ही वाट तेव्हाही बंद होती.

कामोठे, गडचिरोली आणि घर

या काळात पनवेलचे रूप पालटले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भातशेतीवर नवी मुंबई उभी राहिली. १९८९ मध्ये कामोठ्याला महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय आले. पुढे तिथे फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि माणसाच्या हालचालींचे मोजमाप करणारी प्रयोगशाळाही. उकिडवे बसणे, मांडी घालणे यांसारख्या आपल्या रोजच्या हालचालींचा अभ्यास तिथे होतो. पाश्चात्त्य पुस्तकांनी सोडलेली जागा भरण्याचे काम आता पनवेलमध्येच सुरू झाले आहे. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा कामोठे तिच्या हद्दीत आले.

रोगाचे स्वरूपही बदलले होते. पोलिओचा देशातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हाजीअलीचे रुग्णालय ज्यांच्यासाठी उभे राहिले, ते पोलिओचे बालरुग्ण येईनासे झाले. त्यांची जागा पक्षाघाताच्या प्रौढांनी घेतली. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका विभागात झालेल्या नोंदणीत वर्षाला दर लाख लोकांमागे १४५ जणांना पहिला झटका येत असल्याचे दिसले. त्यांतले जवळपास ३० टक्के २८ दिवसांतच दगावले. हा शहरी, बसून काम करणाऱ्यांचा आजार, ही समजूत गडचिरोलीने मोडून काढली. ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा दर सातांतला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला निघाला आणि तोच सर्वांत मोठा मारेकरी ठरला.

रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हाती आले, पण ते सहसा झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. बहुसंख्य रोगी त्या वेळेत पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी उपचार म्हणजे पुनर्वसन, आणि तेही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, जेव्हा मेंदू सर्वाधिक शिकतो. इथेही घाई करून चालत नाही. २०१५ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या २४ तासांतच रोग्याला वारंवार आणि बराच वेळ उठवून उभे केले, तर परिणाम उलट वाईट आला. पूर्वीचे आठवडेच्या आठवडे पडून राहणे चूक होते, तशीच पहिल्याच दिवशीची धावपळही चूक.

मग हे सगळे करणार कोण? आपल्याकडे याचे उत्तर गृहीत धरलेले असते: बायको, सून, मुलगा. त्यांनाच शिकवले तर, असा विचार करून भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर एक चाचणी झाली. नातेवाइकांना व्यायाम आणि रोजची कामे करवून घेण्याचे प्रशिक्षण देऊन रोग्याला घरी पाठवले. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी प्रशिक्षित गटात ४७ टक्के रोगी मृत किंवा परावलंबी होते, आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातही ४७ टक्केच. कुटुंबाची माया खरी असली, तरी नुसत्या शिकवणीने काम भागले नाही.

याचे एक कारण संख्येत दडलेले असावे. २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या फिजिओथेरपीच्या सत्रांत प्रत्यक्ष मोजणी झाली. एका सत्रात रोगी दुबळ्या हाताने रोजच्या कामाची हालचाल सरासरी ३२ वेळा करत होता. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांतून मेंदू बदलल्याचे दिसले, त्यांत रोज शेकडो वेळा सराव होता. श्रीमंत देशांतल्या इस्पितळांतही जे होत नाही, ते कर्जत किंवा उरणच्या बाजूच्या गावातल्या घरात, शेतावरून परतलेल्या सुनेकडून होईल अशी अपेक्षा धरणे म्हणजे अन्याय आहे.

या सव्वाशे वर्षांचा ताळेबंद मांडायचा तर मिळकत मोठी आहे. हात गेला म्हणजे कायमचा गेला, ही समजूत शास्त्राने खोडली. सवडीने भरून येणारा मेंदू, वापरला तर टिकणारा स्नायू आणि सवयीने विसरलेला हात यांतला फरक आता ओळखता येतो. तोटा आहे तो या ज्ञानाच्या वाटपात. पोलिओच्या वेळी मुंबईने पाच-सहा वर्षांत विद्यालये, रुग्णालये आणि एक राष्ट्रीय संस्था उभी केली, कारण रोगी लहान होते आणि साथ डोळ्यांसमोर होती. पक्षाघाताची साथ कधी एकदम येत नाही. ती वर्षभर, घरोघरी, एकेक माणूस करत येते, आणि तिचे रोगी बहुतेक म्हातारे असतात. महाराष्ट्राने या शतकाच्या सुरुवातीला ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी स्वतंत्र परिषदेचा कायदा केला. २०२१ मध्ये केंद्रानेही संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी आयोगाचा कायदा केला. पदव्या आणि नोंदणी यांची घडी बसली. पुढचे पाऊल म्हणजे तालुक्याच्या रुग्णालयात पगारी थेरपिस्ट नेमणे आणि झटक्यानंतरचे पहिले तीन महिने त्यांना रोग्याच्या दारापर्यंत पाठवणे. ते उचलले जाईपर्यंत, हात परत येणे हे रोग्याच्या मेंदूपेक्षा त्याच्या पत्त्यावर आणि पैशांवर अवलंबून राहील.